ओसरी ते माडी : घरातील दोन संगणक जोडून फाइलींची देवाणघेवाण

नाशिकच्या पंचवटीत माझ्या मावसभावाचा जुना वाडा आहे. ओसरीलगतच्या खोलीत तो लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हँडबिलांची अक्षरजुळणी एका डेस्कटॉपवर करतो, तर माडीवर त्याची मुलगी लॅपटॉपवर अभियांत्रिकीचा अभ्यास करते. अनेक वर्षे या दोन संगणकांमधला दुवा म्हणजे जिन्यावरून वर-खाली जाणारा एक पेनड्राइव्ह होता. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या परिसरात काढलेली सुमारे ४० गीगाबाइटची छायाचित्रे आणि चित्रफिती माडीवर न्यायची वेळ आली, तेव्हा ३२ गीगाबाइटच्या त्या पेनड्राइव्हला दोन फेऱ्या कराव्या लागल्या आणि प्रत्येक फाइल दोनदा उतरवावी लागली. शाहीस्नानाची एक मोठी चित्रफीत तर त्यात जाईचना, कारण पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ गीगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघांनी बसून ते दोन संगणक एकमेकांना जोडले.

तेच काम, ज्या क्रमाने केले असता अडत नाही त्या क्रमाने, येथे सांगितले आहे. माझा सगळा भर क्रमावर आहे. नवखी माणसे बहुधा फोल्डर ‘शेअर’ करण्यापासून सुरुवात करतात. दुसऱ्या संगणकावर काही दिसत नाही म्हणून फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारेकरी, बंद करतात, पासवर्ड काढून टाकतात, राउटरच्या सेटिंगमध्ये हात घालतात, आणि शेवटी दोष नेमका कशात होता हे कळायला मार्गच उरत नाही. जोडणी खालून वर बांधत न्यायची असते: आधी तार किंवा वाय-फाय, मग पत्ता, मग ओळख, मग परवानगी आणि सर्वांत शेवटी फाइल. एका पायरीची खात्री झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नये.

पुढील मजकूर दोन्ही संगणकांवर विंडोज १० किंवा ११ आहे असे धरून लिहिला आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण आधार देणे थांबवले आहे, त्यामुळे शक्य असेल तेथे ११ वर जावे. मात्र जोडणीच्या पायऱ्या दोन्हींत जवळपास सारख्याच आहेत. एक सूचना आधीच देऊन ठेवतो: येथे संगणकांची नावे, आज्ञा आणि पत्ते देवनागरीत छापले असले, तरी संगणकावर ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करावेत.

तार की वाय-फाय

घरात फायबरचे इंटरनेट असेल, तर राउटर आधीच आहे आणि अर्धे काम झालेले आहे. इंटरनेट पुरवणाऱ्याने भिंतीवर बसवलेल्या पेटीच्या मागे केबल लावण्यासाठी दोन ते चार चौकोनी खाचा असतात. त्यांना लॅन पोर्ट म्हणतात. दोन्ही संगणक या राउटरला जोडले, की ते एका जाळ्यात (नेटवर्कमध्ये) आले. इंटरनेट बंद पडले असले तरी राउटरला वीज मिळत असेपर्यंत घरातल्या घरात फाइली जात-येत राहतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. या देवाणघेवाणीत डेटाची मर्यादाही खर्ची पडत नाही, कारण फाइल घराबाहेर जातच नाही.

इंदिरानगर किंवा गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये वाय-फायने काम भागते. जुन्या नाशकातल्या वाड्यांची गोष्ट वेगळी आहे. दगड, विटा आणि मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंतींतून वाय-फायचा संकेत, विशेषतः ५ गीगाहर्ट्झचा, फार क्षीण होऊन बाहेर पडतो. २.४ गीगाहर्ट्झचा संकेत भिंतींतून तुलनेने बरा जातो, पण त्याचा वेग कमी असतो. म्हणून मोठ्या फाइलींचे काम वारंवार होणार असेल, तर निदान डेस्कटॉप तरी तारेने जोडावा, आणि जमल्यास दोन्ही संगणक तारेनेच जोडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

फरक किती पडतो, ते आकड्यांत पाहू. जाळ्याचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलीचा आकार बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला प्रत्यक्षात ११ मेगाबाइटच्या आसपास मजकूर जातो, तर १ गीगाबिटच्या जोडणीतून ११० मेगाबाइटच्या आसपास. म्हणजे ती ४० गीगाबाइटची छायाचित्रे पहिल्या जोडणीतून जायला सुमारे एक तास लागतो आणि दुसरीतून सहा-सात मिनिटे, अर्थात दोन्ही संगणकांच्या डिस्कना तो वेग पेलत असेल तर. हजारो लहान लहान फाइली असतील, तर वेग याहून बराच खाली येतो, कारण प्रत्येक फाइल उघडणे, नोंदवणे आणि बंद करणे यांत वेळ जातो.

केबल घेताना ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ मागावी. या दोन्ही केबली १०० मीटरपर्यंत १ गीगाबिटचा वेग देतात, त्यामुळे घरगुती अंतरासाठी याहून महागडी केबल घेण्याचे कारण नाही. पाच-दहा मीटरपर्यंत तयार पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली केबल, घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारांची स्वस्त केबल टाळावी. ती चटकन तुटते आणि लांब अंतरावर त्रास देते. अंतर जास्त असेल, तर कॅनडा कॉर्नर किंवा महात्मा गांधी रोडच्या बाजूला संगणकाच्या सामानाच्या दुकानात हवी तेवढी केबल कापून तिच्या टोकांना आरजे४५ कनेक्टर बसवून मिळतात.

येथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, कारण आमच्या वाड्यात त्याच एका गोष्टीने दोन संध्याकाळी खाल्ल्या. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्यांत असतात. कनेक्टरची खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर करून, पट्ट्यांचे टोक आपल्यापासून दूर धरून पाहिले, तर डावीकडून उजवीकडे रंगांचा क्रम असा असायला हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीमध्ये निळ्याची जोडी आलेली आहे, हे लक्षात घ्यावे. ज्याने आमची केबल करून दिली, त्याने जोड्या सरळ एकापुढे एक लावल्या होत्या: नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे केबल तपासण्याच्या टेस्टरचे आठही दिवे नीट लागले, आणि तरीही जोडणी मिनिटामिनिटाला तुटत होती. कारण असे, की तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरच्या तारा एकाच जोडीतल्या असाव्या लागतात. त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात म्हणूनच बाहेरचा विद्युत गोंधळ परस्पर नाहीसा होतो. वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा तेथे आल्या, की पीळ असून नसल्यासारखा होतो, आणि टेस्टर फक्त तार अखंड आहे की नाही एवढेच सांगतो. टोके कापून पुन्हा योग्य क्रमाने बसवल्यावर ती केबल आजतागायत व्यवस्थित चालू आहे. म्हणून केबल ताब्यात घेताना पारदर्शक कनेक्टरमधून रंग स्वतः वाचून पाहावेत.

केबल विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये. माडीवर नेताना ती शक्यतो घराच्या आतून, जिन्याच्या कडेने न्यावी. बाहेरच्या भिंतीवरून नेलेली साधी केबल नाशिकच्या उन्हाने दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकते, आणि वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेचा झटका अशा तांब्याच्या तारेतून थेट संगणकापर्यंत पोहोचू शकतो. वैशाखात ढग गडगडू लागले, की केबल दोन्ही टोकांना काढून ठेवण्याची सवय लावावी.

केबल खाचेत घातल्यावर खिट्टीचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे आणि खाचेशेजारचा लहान दिवा लागला पाहिजे. त्यानंतर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट या क्रमाने गेल्यास ‘लिंक स्पीड’ समोर १०००/१००० किंवा १००/१०० असे आकडे दिसतात. १०० दिसले, तर एकतर राउटरचा किंवा संगणकाचा पोर्ट तेवढ्याच क्षमतेचा आहे किंवा केबलमधली एखादी जोडी तुटली आहे. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गीगाबिटला चारही लागतात.

राउटर न वापरता दोन संगणक एकाच केबलने थेट जोडता येतात आणि त्यासाठी पूर्वीसारखी उलटसुलट तारांची क्रॉस केबल आता लागत नाही, कारण गीगाबिटची खाच तो बदल स्वतःच करून घेते. परंतु अशा जोडणीत पत्ते वाटणारा राउटर नसतो आणि विंडोज त्या जाळ्याला ‘अनोळखी’ समजून कडक बंधने घालते. नवख्याने राउटरचाच मार्ग धरावा.

नाव आणि पत्ता

दोन्ही संगणकांना ओळखता येतील अशी नावे द्यावीत. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट येथे ‘रीनेम धिस पीसी’ ही सोय आहे. नाव १५ अक्षरांच्या आत, फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ वापरून ठेवावे. आम्ही खालच्या संगणकाला ‘ओसरी’ आणि वरच्याला ‘माडी’ अशी नावे दिली. बदल लागू होण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

आता पत्ता, म्हणजे जाळ्यात प्रत्येक संगणकाला मिळणारा वेगळा क्रमांक. प्रत्येक संगणकावर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडावा, ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा टाइप करून एंटर दाबावे आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या ओळीपुढचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतो. हे खासगी वापरासाठी राखून ठेवलेले पत्ते आहेत आणि घराबाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन गट सारखे आणि शेवटचा वेगळा असला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.११, की दोन्ही संगणक एकाच गल्लीत राहतात असे समजावे.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. संगणकाने स्वतःच तात्पुरता घेतला आहे. अशा वेळी पुढे जाण्यात अर्थ नाही, मागे जाऊन केबल आणि राउटर तपासावा.

एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर घरात बहुधा दोन राउटर आहेत. वरच्या मजल्यावर वाय-फाय पोहोचत नाही म्हणून दुसरा राउटर आणून खालच्या राउटरची केबल त्याच्या ‘वॅन’ खाचेत, म्हणजे बाहेरचे इंटरनेट आत घेण्याच्या खाचेत, लावली, की दुसरा राउटर स्वतःची वेगळी गल्ली तयार करतो. इंटरनेट दोन्हीकडे चालते, त्यामुळे दोष आहे असे वाटतच नाही. फक्त एका गल्लीतला संगणक दुसऱ्या गल्लीतल्याला दिसत नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडला, की तो स्वतः पत्ते वाटणे थांबवतो आणि सगळे संगणक एका गल्लीत येतात. सिडकोतल्या ज्या दुमजली घरांत मला मदतीला बोलावले गेले, त्यांत हीच अडचण मला सर्वाधिक वेळा सापडली आहे.

वाय-फायवर असाल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. पाहुण्यांसाठीचे ‘गेस्ट’ जाळे वापरू नये, कारण त्यावरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. काही राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ नावाची सोय असते आणि तीही हेच करते. ती बंद असावी.

शेवटी दोन्ही संगणकांवरून कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरला हाक मारून पाहावी: ‘पिंग’, मग एक जागा सोडून राउटरचा पत्ता, जो आयपीकॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून दिसतो. चार उत्तरे आली, की ही पायरी पक्की झाली. एकमेकांना पिंग इतक्यात करू नये. फायरवॉल ते अडवते आणि विनाकारण धीर सुटतो.

जाळे खासगी ठरवणे

नवे जाळे दिसले, की विंडोज ते सार्वजनिक मानते, म्हणजे रेल्वे स्थानकावरच्या किंवा उपाहारगृहातल्या वाय-फायसारखे, आणि संगणकाची दारे लावून घेते. घरच्या जाळ्यासाठी हे बदलावे लागते. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट येथे आपल्या जोडणीच्या गुणधर्मांत ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडावे. हे दोन्ही संगणकांवर करावे.

त्यानंतर ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मधील ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ उघडावे. विंडोज १० मध्ये हेच कंट्रोल पॅनेलच्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मधून मिळते. तेथे खासगी जाळ्याखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही बटणे चालू करावीत. सार्वजनिक जाळ्याखालची तीच बटणे बंदच ठेवावीत, नाहीतर मुलगी लॅपटॉप घेऊन महाविद्यालयात गेली, की तेथील जाळ्यावरही तिचा संगणक दार उघडे ठेवून बसेल.

याच पानावर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ असते. अनेक व्हिडिओंमध्ये ते बंद करायला सांगतात, कारण तसे केले की काम लवकर झाल्यासारखे वाटते. माझे कळकळीचे सांगणे आहे, की ते चालूच ठेवावे. बंद केले, की घरच्या वाय-फायवर येणारा प्रत्येक मोबाइल आणि पाहुण्याचा प्रत्येक लॅपटॉप त्या फोल्डरपर्यंत पासवर्डशिवाय पोहोचू शकतो. शिवाय विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या अशा निनावी प्रवेशाला अधिकाधिक अडवू लागल्या आहेत, म्हणजे आज सोपा वाटणारा मार्ग उद्याच्या अपडेटनंतर बंद पडण्याची शक्यता असते.

आता माडीवरून ओसरीला पिंग करून पाहावे, प्रथम पत्त्याने आणि मग नावाने. पत्त्याने उत्तर येते आणि नावाने येत नाही असे झाले, तरी काम अडत नाही. पुढे नावाऐवजी पत्ता वापरता येतो.

स्वतंत्र खाते

ज्या संगणकावर फाइली आहेत, त्यावर देवाणघेवाणीपुरते एक वेगळे खाते उघडावे. पुष्कळ जण येथे गोंधळतात, म्हणून कारण सांगतो. आपण रोज चार अंकी पिन टाकून संगणक उघडतो. पण पिन फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी असतो, जाळ्यावरून येणाऱ्यासाठी तो चालत नाही. जाळ्यावरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो मायक्रोसॉफ्ट खात्याचा असेल तर बहुतेकांना आठवत नसतो. ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही, त्याला तर विंडोज जाळ्यावरून प्रवेशच देत नाही.

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स येथे ‘ॲड अकाउंट’ दाबावे. मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल विचारला, की त्या माणसाची माहिती नसल्याचा पर्याय निवडावा आणि पुढच्या चौकटीत ‘ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ निवडावे. आम्ही ‘वाटप’ या नावाचे खाते उघडले आणि त्याला लांबसा पासवर्ड दिला. हे साधे खाते असावे, ॲडमिनिस्ट्रेटरचे नव्हे.

फोल्डर आणि त्याची दोन कुलपे

संपूर्ण डी ड्राइव्ह किंवा स्वतःचे ‘डॉक्युमेंट्स’ वाटू नये. डी ड्राइव्हवर एक नवा फोल्डर करावा आणि जे द्यायचे तेवढेच त्यात ठेवावे. त्या फोल्डरवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर या क्रमाने जावे, यादीत ‘वाटप’ हे नाव टाइप करून जोडावे आणि त्यापुढे ‘रीड’ किंवा ‘रीड/राइट’ निवडावे. फक्त पाहायचे आणि उतरवून घ्यायचे असेल, तर ‘रीड’ पुरेसे आहे.

त्याच पानावर ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ असे दुसरे बटण आहे, आणि ते वापरणारा हमखास एका ठिकाणी अडतो. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा असला, तरी आतल्या खोलीला कुलूप असेल तर पाहुणा अंगणातच थांबतो. फोल्डरचेही तसेच आहे. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मध्ये दिलेली परवानगी हा दिंडी दरवाजा आहे आणि ‘सिक्युरिटी’ पानावरची परवानगी हे खोलीचे कुलूप आहे. जाळ्यावरून येणाऱ्याला या दोन्हींपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते. साध्या ‘शेअर’ बटणाने दोन्ही एकदम उघडतात, म्हणून नवख्याने तेच वापरावे.

आता माडीवरच्या लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोरर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, मग ‘ओसरी’, एक उलटी तिरकी रेघ आणि फोल्डरचे नाव टाइप करावे. उलटी तिरकी रेघ म्हणजे वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी. इंटरनेटच्या पत्त्यातली रेघ हिच्या विरुद्ध दिशेची असते. नाव आणि पासवर्ड विचारला, की नावाच्या जागी ‘ओसरी’, उलटी तिरकी रेघ, ‘वाटप’ असे पूर्ण लिहावे. नुसते ‘वाटप’ लिहिले, तर लॅपटॉप कधी कधी ते खाते स्वतःकडे शोधतो आणि पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा असल्याचे सांगतो. डावीकडच्या ‘नेटवर्क’ यादीत ओसरीचे चिन्ह दिसले नाही, तरी काळजी करू नये; ती यादी लहरी आहे, थेट पत्ता मात्र भरवशाचा आहे.

फोल्डर उघडल्यावर ‘धिस पीसी’मधून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडून त्याला झेड असे अक्षर दिले, की पुढच्या वेळी तो स्वतःच्या डिस्कसारखा समोर दिसतो.

उघडला नाही, तर संदेश नीट वाचावा. मार्ग सापडत नाही असे म्हटले असेल, तर दोष खालच्या पायऱ्यांत आहे: दुसरा संगणक झोपला आहे, पत्ता बदलला आहे किंवा जाळे सार्वजनिक झाले आहे. नाव-पासवर्ड चुकीचा असे म्हटले, तर खात्याकडे पाहावे. चुकीचा पासवर्ड पूर्वी साठवलेला असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून तो काढून टाकावा. परवानगी नाही असे म्हटले, तर कुलपांकडे पाहावे.

प्रत्यक्ष उतरवणे

फाइली नेताना ‘कट’ करू नये, नेहमी ‘कॉपी’ करावे. हे मी स्वतःच्या नुकसानातून सांगतो आहे. आईच्या साठीची छायाचित्रे एकदा मी ‘कट’ करून दुसऱ्या संगणकावर टाकत होतो आणि मध्येच वीज गेली. काही छायाचित्रे इकडे राहिली, काही तिकडे पोहोचली, आणि जे मधले होते ते दोन्हीकडे धड उघडेना. कुठले छायाचित्र कुठे आहे हे लावण्यात एक अख्खा दिवस गेला आणि एक छायाचित्र कायमचे हरवले. कॉपी केले असते, तर मूळ संच जागच्या जागी राहिला असता.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांचे प्रॉपर्टीज शेजारी शेजारी उघडावेत आणि फाइलींची संख्या व ‘साइझ’ हे दोन आकडे जुळवून पाहावेत. ‘साइझ ऑन डिस्क’ हा आकडा डिस्कच्या रचनेप्रमाणे वेगळा येऊ शकतो, त्याकडे दुर्लक्ष करावे. आकडे जुळल्यावर चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात आणि त्यानंतरच, गरज असेल तर, मूळ संच पुसावा.

मोठी उतरण सुरू करण्यापूर्वी दोन्ही संगणकांचा झोपण्याचा काळ ‘नेव्हर’वर ठेवावा. लॅपटॉपला बॅटरी असते, पण वीज गेली की राउटर बंद पडतो आणि जोडणी तुटते; म्हणून राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेला बरा. दहा-वीस गीगाबाइटच्या पुढचे काम असेल, तर ‘रोबोकॉपी’ ही विंडोजमधलीच आज्ञा वापरावी: आज्ञेनंतर मूळ फोल्डरचा मार्ग, मग जेथे न्यायचे तो मार्ग आणि शेवटी तिरकी रेघ (उलटी नव्हे, इंटरनेटच्या पत्त्यातली) व ‘ई’. ती मध्येच तुटली, तर पुन्हा तीच आज्ञा द्यावी. आधी पोहोचलेल्या फाइली ती सोडून देते. तिरकी रेघ व ‘एमआयआर’ हा तिचा पर्याय मात्र पूर्ण समजल्याशिवाय कधीही वापरू नये, कारण मूळ जागी नसलेली प्रत्येक फाइल तो दुसऱ्या जागेवरून पुसून टाकतो.

मराठी मजकुराबाबत स्वतंत्र सांगायला हवे. युनिकोडमध्ये लिहिलेली देवनागरी नावे आणि मजकूर जसेच्या तसे पोहोचतात. परंतु अक्षरजुळणीच्या जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात, आणि त्यांत प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांचेच संकेत असून फक्त फॉन्टमुळे ते मराठी दिसतात. माडीवर तो फॉन्ट नसल्यामुळे भावाच्या सगळ्या लग्नपत्रिका पुतणीला अगम्य चिन्हांच्या रांगा होऊन दिसल्या आणि फाइली उतरताना बिघडल्या अशी समजूत झाली. फाइली अगदी ठीक होत्या. हवा होता तो फॉन्ट. अशा फाइली जाळ्यावरूनच उघडून त्यात दुरुस्त्या करणेही टाळावे. आधी आपल्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, काम संपल्यावर नव्या नावाने परत ठेवाव्यात, म्हणजे दोघांनी एकाच वेळी बदल करून एकाचे काम पुसले जाण्याचा प्रसंग येत नाही.

एक-दोन फाइलींसाठी एवढा खटाटोप नको असेल, तर दोन्ही संगणकांत ‘नियरबाय शेअरिंग’ चालू करून फाइल पाठवता येते. जुन्या लेखांत ‘होमग्रुप’ची कृती सापडते, पण ती सोय विंडोज १० मधून २०१८ सालीच काढून टाकण्यात आली आहे.

काय करू नये

घरात विंडोज एक्सपीचा एखादा जुना संगणक असतो आणि त्यातल्या फाइली हव्या असतात. तो फाइली वाटण्याची फक्त एसएमबी १ ही जुनी पद्धत जाणतो, आणि आजच्या विंडोजमध्ये ती मुद्दाम वगळलेली असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो याच जुन्या पद्धतीतल्या दोषातून. त्या एका संगणकासाठी ती पुन्हा चालू करू नये. त्याची डिस्क काढून यूएसबी जोडणीच्या डबीत बसवून फाइली उतरवाव्यात.

बाहेरगावाहून घरच्या फाइली मिळाव्यात म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये ४४५ क्रमांकाचा पोर्ट (येथे पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, तर जाळ्यावरचे क्रमांकाने ओळखले जाणारे दार) कोणी उघडून देऊ पाहील, तर ठाम नकार द्यावा. घरातल्या देवाणघेवाणीचे ते दार आहे आणि ते रस्त्यावर उघडायचे नसते.

वाटलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. एका संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरला, तर ज्या फोल्डरवर ‘रीड/राइट’ परवानगी आहे, तेथील फाइलीही तो कुलूपबंद करतो. निफाड-दिंडोरीकडचे माझे ओळखीचे बागायतदार निर्यातीच्या द्राक्षांच्या फवारणीच्या नोंदी संगणकावर ठेवतात. त्यांना मी नेहमी सांगतो, की अशा नोंदींची एक प्रत काम झाल्यावर काढून ठेवलेल्या वेगळ्या डिस्कवर असलीच पाहिजे.

राहता राहिला पत्ता बदलण्याचा प्रश्न. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर तो ओसरीला निराळा पत्ता देऊ शकतो, आणि ज्यांनी नावाऐवजी पत्ता वापरला आहे त्यांचा झेड ड्राइव्ह उघडेनासा होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असते. तेथे ओसरीसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. आणि संगणक कधी दुरुस्तीला द्यायचा किंवा विकायचा झाला, तर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ उघडून आपण वाटलेले फोल्डर तेथून काढावेत आणि ‘वाटप’ हे खाते पुसावे. त्या यादीत शेवटी डॉलरचे चिन्ह असलेली काही नावे दिसतील. ती विंडोजची स्वतःची असतात, त्यांना हात लावू नये.